गूढ स्त्री, शाल आणि श्रीफळ

अत्तर ही अंगाला लावायची वस्तू आहे, एवढी माहिती आमच्या कोल्हापुराला पिढ्यान्‌पिढ्या पुरत आली होती. लग्नाच्या दारात कोणी मनगटावर अत्तराचे बोट फिरवी, कोणी गुलाबदाणीतून चार थेंब डोक्यावर शिंपडी, आणि पाहुणा मुकाट्याने पंगतीकडे वळे. अत्तर लागल्यामुळे त्याच्या स्वभावात काही फरक पडला का, याची चौकशी यजमान करीत नसे. परदेशी परफ्यूमचा मामला वेगळा आहे. तेथे कुपीतला वास केवळ निमित्तापुरता असतो. खरे तर आत एक अखंड बाई भरलेली असते. तिला स्वभाव असतो, भूतकाळ असतो, बहुधा थोडी बदनामीही असते, आणि झाकण उघडणाऱ्या स्त्रीने यापुढे त्या बाईप्रमाणे वागावे अशी अपेक्षा असते.

या बायकांची वंशावळ मला अलीकडे सक्तीने अभ्यासावी लागली. १९२१ साली अर्नेस्ट बो या गंधकाराने कोको शनेल यांच्यापुढे नमुन्याच्या कुप्या क्रमांक घालून ठेवल्या; त्यांतली पाचव्या क्रमांकाची पसंत पडली आणि तिचे नावही तेच राहिले. या ‘शनेल नंबर फाइव्ह’मध्ये अल्डिहाइड नावाची कृत्रिम द्रव्ये इतक्या सढळ हाताने पडली होती की हा गुलाब, ही जाई, असे बोट ठेवून सांगणे अवघड झाले. फूल ओळखू येईना, तेव्हा लोक बाई ओळखू लागले. १९२५ साली गेर्लां कंपनीने मुघलांच्या बागेवरून ‘शालिमार’ आणला, १९७७ साली इव्ह सां लॉराँचा ‘ओपियम’ आला आणि १९८५ साली दिओरने ‘पॉयझन’ काढला, ज्याचा दरवळ इतका दांडगा होता की अमेरिकेतील काही उपाहारगृहांनी तो लावून येणाऱ्यांना मज्जाव केला होता, असे सांगतात. म्हणजे बागेत फिरायला निघालेली स्त्री अफूच्या वाटेने साठ वर्षांत विषापर्यंत पोचली, आणि तिच्या घरच्यांनी तिला एका शब्दानेही विचारले नाही.

माझ्या वाट्याला आलेली बाई याच वळणाची, पण तिचे नाव मी घेणार नाही, कारण पुढे जे घडले त्यात तिच्याइतकाच आमच्या गावाचाही हात आहे. माझ्या धाकट्या नणंदेने दुबईहून येताना विमानतळावरच्या दुकानातून ती कुपी आणली आणि “वहिनी, तुमची पर्सनॅलिटी डोळ्यांसमोर ठेवूनच घेतलाय,” असे म्हणून सर्वांदेखत माझ्या हाती दिली. खोक्यात एक गुळगुळीत पत्रक होते. त्यात लिहिल्याप्रमाणे ही स्त्री रात्रीची होती, तिच्या मनाचा थांग कोणाला लागत नसे, ती खोलीत शिरण्याआधी तिची चाहूल येई आणि ती निघून गेल्यावरही बराच वेळ रेंगाळत राही. मी पत्रक पुन्हा वाचले. माझ्या मनाचा थांग आमच्या गॅसच्या टाक्या पोचवणाऱ्या मुलालाही लागतो. मी सुट्टे पैसे शोधते आहे की ते नसल्याचे नाटक करते आहे, हे तो दारातूनच ओळखतो. राहिला प्रश्न चाहुलीचा. मी शाहूपुरीतील एका पतसंस्थेत वसुली विभागात काम करते. आमच्या धंद्यात आपण पोचण्याआधी आपली चाहूल पोचली, तर कर्जदार मागच्या दाराने निघून जातो आणि पुढच्या दारात त्याची आई उभी राहून, तो पुण्याला गेल्याचे सांगते.

तरीही नणंदेचा दर आठवड्याला फोन येई आणि “लावता ना?” हा प्रश्न येई, त्यामुळे लावणे भाग होते. पहिल्या सकाळी मी कानांमागे आणि मनगटांवर फवारा मारून स्वयंपाकघरात आले. सासूबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी हात न थांबवता विचारले, “कुणाच्या लग्नाला जाऊन आलीस ग? आणि आम्हांस्नी आवतान न्हाई?” यजमान वर्तमानपत्रामागून म्हणाले, “हार आणलाय काय? कुणाचा सत्कार हाय?” गूढ स्त्रीला या घरात येऊन पाच मिनिटे झाली नव्हती, तोच तिच्या हाती आहेराचे पाकीट देण्यात आले होते.

याचे कारण मला नंतर उमगले. कुपीतल्या बाईचा जीव ज्या फुलात होता, ते फूल निघाले निशिगंध. हे फूल मूळचे मेक्सिकोचे. तेथून ते युरोपात गेले आणि तिकडच्या लोकांनी त्याचा भलताच धसका घेतला. कुमारिकांनी संध्याकाळनंतर निशिगंधाच्या ताटव्यात फिरू नये, त्या वासाने मन चळते, अशी आख्यायिका तिकडे आहे. फ्रान्समधील ग्रास या गावी ही फुले तोडल्यावर चरबीच्या थरावर मांडून ठेवीत, कारण निशिगंध खुडल्यानंतरही वास सोडत राहतो, आणि ती चरबी तो वास सावकाश पिऊन घेई. अशा फुलातून मोहिनी घडवावी, हे फ्रेंचांच्या दृष्टीने सरळच आहे. परंतु तोच निशिगंध कोल्हापुरात आला की त्याला दोऱ्यात ओवून, खाली एक लालभडक गुलाब लटकवून, त्याचा हार करण्यात येतो, आणि मग तो नवरदेवाच्या, नव्या चेअरमनच्या, कुस्ती मारून आलेल्या पैलवानाच्या गळ्यात पडतो. नव्या ट्रॅक्टरच्या बॉनेटवर पडतो. आणि ज्यांना कधीच कोणी हार घातला नाही त्यांनाही तो एकदा, शेवटी, मिळतोच. ज्या वासाने पॅरिसात पुरुष घायाळ होतात म्हणे, त्या वासाने आमच्याकडचा पुरुष टाळ्या वाजवायला हात मोकळे करतो.

त्यातून या कुपीतल्या बाईचा स्वभाव दिवसभर एकसारखा राहत नाही. अत्तरातील हलकी द्रव्ये आधी उडतात, मधली काही तास टिकतात आणि जड तेवढी तळाशी उरतात. त्यामुळे पत्रकाप्रमाणे ती प्रथम खट्याळ, मग उत्कट आणि सरतेशेवटी अथांग व्हायची होती. माझ्या वेळापत्रकात तिचा खट्याळपणा बसच्या गर्दीत संपून जाई, उत्कटता नेमकी ठेवींच्या नूतनीकरणाच्या रांगेत उफाळून येई, आणि अथांगपणाचा मुहूर्त संध्याकाळच्या फोडणीला लागे. निशिगंधाच्या अर्कात मिथाइल सॅलिसिलेट नावाचे एक द्रव्य असते, आणि कंबरदुखीच्या मलमांतही तेच असते, ही गोष्ट पत्रकात नव्हती. ती मला आमच्या रोखपाल बाईंमुळे शोधावी लागली. मी शेजारी बसताच त्या कळवळून म्हणाल्या, “कंबर धरली काय हो? मीबी रोज रात्री चोळून झोपतो.” बिचाऱ्या मनापासून म्हणाल्या, म्हणून मी हो म्हटले आणि दिवसभर जपून उठबस केली.

सर्वांत मोठी अडचण अशी, की ज्याच्या अंगावर वास आहे त्याचे नाक काही मिनिटांतच त्या वासाची दखल घेणे सोडून देते. याला शास्त्रीय आधार आहे. म्हणजे आपले नवे व्यक्तिमत्त्व साऱ्या गावाला कळते आणि आपल्याला तेवढे कळत नाही. आपण समजतो, उडून गेले. आणि पुन्हा फवारा मारतो. एप्रिलच्या अखेरीस मी अशीच भर घालून, तशीच घाईत, चटणी कुटायला डंकावर गेले. परगावच्या वाचकांसाठी सांगते, की आमच्याकडे चटणी म्हणजे ताटाच्या डाव्या बाजूची नव्हे. संकेश्वरी आणि ब्याडगी मिरची, धणे, तीळ, सुके खोबरे, भाजलेला कांदा आणि सोललेला लसूण एकत्र कुटून जे वर्षाचे तिखट होते, ती चटणी. डंकाच्या त्या पत्र्याच्या खोलीत मिरचीच्या खकाण्यामुळे माणसाला स्वतःचे नावदेखील आठवत नाही, सगळे जण पदर किंवा रुमाल नाकाला लावून डोळ्यांतून पाणी गाळत असतात, आणि त्या खोलीत अन्य कोणताही वास टिकू शकेल अशी शंका कोणाला येणार नाही. डंकवाल्याने मात्र मुसळाखालून पहिली मूठ उचलून नाकाशी नेली, मग माझ्याकडे पाहिले आणि अत्यंत नम्रपणे म्हणाला, “वहिनी, जरा लांब हुबं ऱ्हावा. चटणीला वास लागंल. वर्सभर खायची हाय.” ज्या स्त्रीपुढे पॅरिसने हात टेकले, तिला एका माणसाने चटणीच्या काळजीपोटी रस्त्यावर उभे केले. मला त्याचा रागही आला नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केले असते.

आमच्या चेअरमनसाहेबांचा प्रकार याहून नाजूक होता. ते संस्थेत फारसे येत नाहीत, आणि येतात तेव्हा बहुधा सत्काराला येतात. कधी करायला, बहुतेक वेळा घ्यायला. एका सोमवारी ते अचानक आले. दारातून आत पाऊल टाकताच त्यांच्या नाकपुड्या किंचित फुलल्या. उजवा हात आपोआप टोपीकडे गेला आणि ती सरळ करून आला, मग कॉलरवरून फिरला, मग बंडीची खालची गुंडी लावून खाली आला. आणि नंतर त्यांनी मान अलगद पुढे झुकवली, ज्या बेताने झुकवली असता हार टोपीला न अडकता गळ्यात उतरतो त्या बेताने. तशाच अवस्थेत ते माझ्या टेबलापुढे काही क्षण उभे राहिले. मी उठून नमस्कार केला. हार आला नाही. त्यांनी डोळे वर करून विचारले, “कुणाचा कारेक्रम हाय?” मी म्हटले, “कुणाचा नाही, साहेब.” ते “हां, हां,” म्हणत आत गेले, पण त्यांच्या पाठीवरूनही कळत होते की माणूस दुखावला आहे. त्या दिवसापासून ते माझ्या टेबलावरून जाताना मान थोडी झुकवूनच जातात. नव्या कारकून मुलींचा असा समज झाला आहे की वसुली विभागाचा साहेबांवर दरारा आहे. तो मी राहू दिला आहे.

ही सारी परिस्थिती ज्या माणसाने मुकाट्याने पाहिली आणि कामाला लावली, तो म्हणजे आमचे शिपाईमामा. मंडळाने गेल्या वर्षी काटकसरीचा ठराव करून कापडी फुलांचा एक कायमस्वरूपी हार विकत घेतला होता. तो सत्काराला गळ्यात घालायचा, फोटो झाला की मामांनी काढून घ्यायचा, झटकायचा आणि कपाटात कुलूपबंद ठेवायचा. दिसायला तो अस्सल निशिगंधाचा दिसे, पण सत्कारमूर्ती तो गळ्यात पडताच सवयीने खोल श्वास घेत आणि त्यांना धुतलेल्या पडद्याचा वास येई. दहावीच्या मुलांच्या गुणगौरवाला एक मोठे पाहुणे यायचे होते. कार्यक्रमाच्या आधी मामा तो हार तबकात घेऊन माझ्या टेबलाशी आले, इकडेतिकडे पाहिले आणि हळूच म्हणाले, “मॅडम, ती बाटली पर्समध्ये हाय न्हवं?” मी दिली. त्यांनी हाराला दोन्ही बाजूंनी, गुलाबाला थोडा अधिक, असा हिशेबाने फवारा मारला आणि तबक घेऊन गेले.

पाहुण्यांनी भाषणाच्या सुरुवातीलाच सांगितले की, या संस्थेत कामे कशी होतात हे ताज्या हारावरूनच ओळखू येते. चेअरमनसाहेबांनी माझ्याकडे पाहून प्रथमच समाधानाने मान डोलावली. कुपीतल्या बाईला तिच्या योग्यतेचे काम मिळाले होते, आणि मला वाटते, ते तिला जमलेही माझ्यापेक्षा बरे. रात्री नणंदेचा फोन आला, “वहिनी, लावता ना?” मी म्हटले, “लावतो की. संचालक मंडळाला बी लई आवडतोय.” पलीकडे बराच वेळ शांतता पसरली, माझ्या गूढतेचा तेवढाच काय तो अनुभव तिला आला असावा.

सध्या कुपी तळाला गेली आहे आणि वार्षिक सभा तोंडावर आली आहे. मामांनी काल किंमत विचारली. मी सांगितली. ते बसले, पाणी प्याले, आणि मग व्हाउचरचे पुस्तक उघडून म्हणाले, “सत्कार खर्चात टाकूया का वसुली खर्चात? ऑडिटरला काय सांगायचं, ते तुम्ही ठरवा.”