रूट कोणी लावला?

पुण्यातला माझा भाचा वर्षभर बाइकवरून घरोघरी किराणा पोचवतोय. गेल्या आठवड्यात राँग साइडला त्याला पोलिसांनी धरलं, दंड झाला. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळे त्याच्यावर तुटून पडले. ‘या डिलिव्हरीवाल्या पोरांना शिस्तच नाही.’ मी फोन करून एवढंच विचारलं, अ‍ॅप काय दाखवत होतं?

“मामा, सोसायटी समोरच दिसत होती. पण मध्ये डिव्हायडर, आणि यू-टर्न दीड किलोमीटर पुढे. वेळ उरलेली तीन मिनिटं.”

त्या पोराने नियम मोडला, हे खरंच. पण तीन मिनिटांचा हिशोब त्याने केलेला नव्हता.

मी जर्मनीत डॉर्टमुंडजवळच्या एका पार्सल डेपोत गाड्यांचे रूट लावतो. इथे हे काम करणाऱ्याला डिस्पोनेंट म्हणतात. पहाटे सॉफ्टवेअर प्रत्येक गाडीचा रूट तयार करून देतं, मी तो पाहतो आणि मगच गाड्या सुटतात. डिसेंबरात एका ड्रायव्हरने स्कॅनर माझ्यापुढे धरला. १६५ स्टॉप. त्यातले चाळीसेक जुन्या इमारतींमधले, चार-चार मजले आणि लिफ्ट नाही. इथे दारावर फ्लॅट नंबर नसतो, खाली बेलपाशी नुसती आडनावं असतात. माणूस कितव्या मजल्यावर राहतो हे जिना चढतानाच कळतं. आमच्या सॉफ्टवेअरला मात्र तळमजला आणि चौथा मजला सारखाच. मी बावीस स्टॉप काढून दुसऱ्या गाडीला दिले. दुपारी वरून विचारणा झाली, तिला उत्तरही मीच दिलं. रूट लावणाऱ्याच्या हातात हे दोन्ही असायला हवं: बदलण्याचा अधिकार आणि जाब देण्याची बांधिलकी.

म्हणून जर्मनीत सगळं आलबेल आहे असं नाही. आमचे बरेच ड्रायव्हर उपकंत्राटदाराचे. पगार तो देतो, रूट आम्ही देतो. उपकंत्राटदाराने ड्रायव्हरच्या सामाजिक विम्याचे पैसे बुडवले तर ते काम देणाऱ्या कंपनीकडून वसूल करता येतात, असा कायदा इथे २०१९ मध्ये झाला. तो चांगलाच आहे. पण दिवसाला जास्तीत जास्त दहा तासांची मर्यादा ओलांडली गेली की उपकंत्राटदार म्हणतो, रूट तुमचा. आमचे लोक म्हणतात, माणूस तुमचा. या दोन वाक्यांच्या मध्ये ड्रायव्हर रात्री आठला जिने चढत असतो. मला याची लाज वाटते.

आपल्याकडची चर्चा मी रोज वाचतो. सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, अ‍ॅपवरून काम देणाऱ्या प्लॅटफॉर्म कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के कामगारांच्या निधीत भरायचे, असं ठरलं. जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय कामगार मंत्र्यांनी कंपन्यांशी बोलणी केली, मग जाहिरातींतून ‘१० मिनिटांत डिलिव्हरी’चा दावा निघू लागला. दोन्ही गोष्टींचं मी स्वागत करतो. पण भाच्याच्या मोबाइलवरचा तो आकडा जाहिरातीतून आलेला नाही, तो रूटमधून आलेला आहे. आणि रूटबद्दल कोणी बोलत नाही.

मुंबईच्या डबेवाल्यांकडे हा प्रश्न फार पूर्वी सुटलेला आहे. प्रत्येक गटाला मुकादम असतो. तो स्वतः त्याच लायनीवर डबे वाहिलेला असतो. एखादा माणूस आला नाही तर डबे कसे पोचवायचे हे तोच बघतो, आणि कोणाला विचारायचं हे गटातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं.

भाच्याला मी म्हणालो, पुढच्या वेळी डिव्हायडरपाशी थांब आणि कंपनीला फोन लाव. तो म्हणाला, “कोणाला लावू? तिथे चॅट आहे, माणूस नाही.”

माझी मागणी एवढीच आहे. वेळ कोणत्या रस्त्याने धरली आहे ते अ‍ॅपमध्ये रायडरला दिसू दे. प्रत्येक भागाला रूट बदलू शकणारा एक माणूस असू दे, नाव आणि फोन नंबरासकट. आणि एकाच डिव्हायडरपाशी एकाच कंपनीची दहा पोरं राँग साइडला सापडली, तर पोलिसांनी अकरावी पावती फाडण्याआधी त्या माणसाला बोलावून घ्यावं.