दीड हजारात महिना काढून बघा

निराधारांचं अनुदान वाढवलं तर लोक आळशी होतील, असं एका लेखात म्हटलंय. मला हे अजिबात पटलं नाही. संजय गांधी निराधार योजनेत २०२३ साली हजाराचे दीड हजार झाले. आमच्या शेजारच्या विधवा मावशींना ते मिळतात. बीपी-शुगरच्या गोळ्या, गॅसची टाकी, तालुक्याला बँकेत जायचं एसटीचं भाडं, एवढ्यातच पैसे संपतात. मागे तीन महिने पैसे जमाच झाले नाहीत, तेव्हा बाईंनी गोळ्या अर्ध्या करून घेतल्या. साठी उलटलेली, गुडघे गेलेले. त्यांनी आता कुठल्या बांधावर खुरपायला जायचं?

केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात तर ऐंशीच्या आतल्यांसाठी केंद्राचा वाटा कित्येक वर्षं महिना २०० रुपयेच आहे. आणि निराधार योजनेची उत्पन्नमर्यादा? अख्ख्या कुटुंबाची वर्षाला २१,०००, म्हणजे महिन्याला १,७५०. मुलगा चार दिवस मजुरीला गेला की आईचं नाव कटायची भीती. रक्कम वाढवाच, पण ही मर्यादाही वाढवा. शिवाय दरवर्षी महागाईप्रमाणे आपोआप वाढ द्या. नोकरदारांना महागाई भत्ता मिळतो, मग ज्यांना कुणीच नाही त्यांना का नको?