हरणाच्या रक्तात ‘बबेसिया’ सापडला म्हणून हरणंच रोग देतात?

अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या आपल्या मराठी ग्रुप्सवर उन्हाळ्यात एक मेसेज फिरतो: ‘हरणांच्या रक्तात बबेसिया सापडलाय, त्यांच्या अंगावरच्या गोचिडीपण पॉझिटिव्ह आहेत, म्हणजे हरणंच माणसाला हा रोग देतात, ती मारली की विषय संपला.’ (बबेसिया म्हणजे गोचीड चावल्यावर अंगात शिरणारा, तांबड्या रक्तपेशींत वाढणारा परजीवी.) यातलं बरंचसं चूक आहे आणि हरणांवर तर सरळ अन्याय आहे.

पहिलं म्हणजे रक्तात सापडला तो बबेसिया कुठला? तिकडे माणसाला मुख्यतः होतो तो बबेसिया मायक्रोटी. त्याची तिथली पहिली केस १९६९ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या नॅन्टकेट बेटावर सापडली आणि त्याचा खरा साठा पांढऱ्या पायाच्या उंदरात असतो. पांढऱ्या शेपटीच्या हरणात असतो तो बबेसिया ओडोकॉइली, शिवाय थायलेरिया सर्वी, हा तर खूप कॉमन आणि बहुतेक हरणांना त्याचा काही त्रासही होत नाही. हे सगळे एकमेकांचे भाऊबंद, त्यामुळे पीसीआर टेस्टला या सगळ्यांत जवळपास सारख्या असणाऱ्या १८एस जीनचे जनरल प्रायमर (तो जीन शोधणारे डीएनएचे तुकडे) लावले की यातला कुठलाही असला तरी टेस्ट पॉझिटिव्हच येते, पुढे सिक्वेन्सिंग करून त्याचा डीएनए वाचला तरच नाव कळतं. मायक्रोस्कोपखाली नुसत्या रक्ताच्या स्लाइडवर तर ते ओळखणं फारच अवघड, आणि परजीवी कमी असले तर दिसतही नाहीत.

आता गोचिडी. हरणावर सापडतात त्यातल्या बऱ्याच मोठ्या, पूर्ण वाढलेल्या असतात. लहान असताना उंदराचं रक्त प्यायली तेव्हाच मायक्रोटी तिच्या अंगात शिरलेला असू शकतो आणि पुढच्या अवस्थेतही टिकतो, म्हणजे गोचीड पॉझिटिव्ह आली तर ती आधी कुणाला चावली होती ते कळतं, आत्ताच्या हरणाबद्दल काहीच सिद्ध होत नाही!

हरणं मारायचं म्हणाल तर त्यात थोडं तथ्य आहे, कारण गोचिडीच्या माद्या हरणावर पोट भरून दोनेक हजार अंडी घालतात. मेन राज्यातल्या मोनहेगन बेटावर १९९० च्या दशकात सगळी हरणं काढली तेव्हा गोचिडी खरंच खूप घटल्या. पण ते छोटं बेट होतं, मुख्य भूमीवर शेजारच्या जंगलातून हरणं परत येणारच. शिवाय मायक्रोटी अंड्यातून पुढच्या पिढीत जात नाही, तो दरवेळी मुख्यतः उंदरांकडूनच येतो.

आणि घरामागे हरणं दिसत नाहीत म्हणून निवांत राहू नका. खसखशीएवढी छोटी गोचीड मे ते जुलैमध्ये चावते, ती दिसतसुद्धा नाही. नंतर थंडी वाजून ताप आला, लघवी गडद झाली तर डॉक्टरला गोचिडीचं आवर्जून सांगा, विशेषतः घरात वयस्कर कुणी असेल किंवा कुणाची प्लीहा (स्प्लीन) काढलेली असेल तर.