'नाला धरून खाली जा' म्हणणाऱ्यांनी आधी कणकुंबीचा नकाशा बघावा

पाऊस लागला की आपल्याकडे दोन गोष्टी ठरलेल्या. चोर्ला घाटात गाड्यांची रांग लागते, आणि ग्रुपवर कुणीतरी जंगलात तग धरण्याच्या टीव्ही शोची क्लिप टाकतं. काडीनं काढलेला जाळ, वेलीतलं पाणी, खाल्लेला किडा. खाली लगेच 'भीमगडच्या जंगलात जाऊन करूया की' सुरू.

या जातीच्या कार्यक्रमांत 'ड्युअल सर्व्हायव्हल' मला सगळ्यांत कामाचा वाटतो. डिस्कव्हरीवर २०१० साली सुरू झाला. त्यात तज्ज्ञ दोन, आणि दोघांचं पटत नाही. कोडी लंडिन ॲरिझोनातला, हाफचड्डीवर आणि अनवाणी फिरणारा; अंगातली ऊब आणि घाम जपणं हे त्याचं शास्त्र. डेव्ह कँटरबरी अमेरिकन लष्करातून आलेला; पायात बूट, कमरेला सुरा, आणि हालचाल करायची घाई. एकट्याच्या शोमध्ये माणूस जे करेल ते बरोबरच दिसतं, कारण टोकायला कोणी नसतं. 'मॅन व्हर्सेस वाइल्ड'वाल्या बेअर ग्रिल्सचं घ्या. चित्रीकरणाच्या काही रात्री तो हॉटेलात राहिला हे २००७ मध्ये बाहेर आलं, तोवर कितीजणांना शंका आली होती? जोडीत मात्र एकानं कड्यावरून उतरायचं काढलं की दुसरा तिथल्या तिथे विचारतो, पाय मोडला तर काय? बघायचा तो हा वाद. जाळ कसा पेटला हे त्यानंतरचं.

कारण प्रत्येक युक्ती कुठल्या तरी एका मुलखाची असते. 'पाणी उताराला जातं, नाला धरून चाला, गाव लागतं' हा टीव्हीचा लाडका नियम बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात लावून बघा. कणकुंबीला उगवणारी मलप्रभा पूर्वेला जाते, सपाटीवर येते, शेवटी कृष्णेला मिळते. तिच्या काठानं चाललात तर शेत, वाट, गाव लागेल. त्याच तालुक्यात देगावजवळ उगवणारी म्हादई पश्चिमेला गोव्याकडे वळते आणि वाटेत सह्याद्रीची कडा उतरते. तिच्या खोऱ्यातला नाला धरलात तर गावाऐवजी धबधब्याचं तोंड लागेल. शेवाळलेला कातळ, वर दाट धुकं, पुढचं दहा पावलांवरचं दिसत नाही. म्हणून चुकलात तर डोंगराच्या धारेवर किंवा शेवटच्या ओळखीच्या वाटेवर थांबा. कँटरबरीची घाई इथं अंगाशी येईल. लंडिन बरोबर.

पण अनवाणी पायांच्या बाबतीत लंडिनचं ऐकू नका. पायाला आयुष्यभराची सवय आहे त्याचं ठीक, बाकीच्यांना जळवा, काटे आणि ओल्या दगडावरची घसरण. गोचिडी वेगळ्याच. माकडताप त्यांच्यामुळेच पसरतो, आणि हा आजार पहिल्यांदा सापडला तोही आपल्याच कर्नाटकात, शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरला, १९५७ साली. पँटचे पाय मोज्यांत खोचा आणि परतल्यावर काखा, जांघा तपासा.

आता गारठा. आपल्याकडे थंडीनं कोण मरतंय, असं म्हणतात ना? पावसाळ्यात पारा १८-२० अंशांवर असला तरी ओले कपडे, वारा आणि रिकामं पोट एकत्र आलं की शरीर निवायला लागतं. आधी कुडकुड, मग बोबडी वळते, बटण लावता येत नाही. पुढे कुडकुड थांबते, ते बरं होण्याचं लक्षण नव्हे, हाताबाहेर जाण्याचं आहे. ओले कपडे काढा, कोरडं गुंडाळा, शुद्धीत असेल तर गूळपाणी द्या. अंगाखाली सुक्या पाल्याचा थर हवा, दाबल्यावरही वीतभर उरेल इतका, कारण जमीन ऊब ओढून घेते. धनगर पावसात घोंगडं का घेतात ते यातच आलं: लोकर भिजली तरी थोडी ऊब धरते, जीन्स धरत नाही. आणि गोव्याची हद्द जवळ आहे म्हणून सांगतो, दारू घेतल्यावर गरम वाटतं ते कातडीकडे रक्त धावतं म्हणून. आतली ऊब उलट जाते.

जाळाबद्दल जरा सविस्तर. धनुष्याच्या दोरीनं काडी फळीवर घुसळून जाळ काढायचा तर फळी अंगठ्याएवढी जाड आणि मऊ लाकडाची लागते, नख दाबलं की खूण उमटली पाहिजे. फिरती काडी वीतभर, धनुष्य हातभर, वरून दाबायला कठीण लाकडाचा खळगा पाडलेला तुकडा, खळग्यात थेंबभर तेल. फळीला खाच द्यायची ती काडीनं पडलेल्या भोकाच्या जवळजवळ मध्यापर्यंत, भाकरीच्या आठव्या हिश्शासारखी. नवशिक्यांची खाच उथळ राहते, भुकटी साचत नाही, नुसता धूर निघतो. भुकटी तपकिरी पडली तर दाब किंवा वेग कमी आहे. काळी पडून हात थांबवल्यावरही धुमसत राहिली तर निखारा झाला. भोक आतून चकचकीत झालं तर चिमूटभर वाळू टाका. निखाऱ्यावर लगेच फुंकू नका, अर्धा मिनिट जमू द्या.

हे सगळं उन्हाळ्यात. जुलैत हवाच इतकी ओली असते की वाळकं लाकूडही ओल धरतं. इथं कँटरबरीचा हिशेब चालतो. सोबत पाच वस्तू हव्यात असं तो सांगतो: कापायला, पेटवायला, आडोशाला, पाणी ठेवायला, बांधायला. आपल्या बाजारात त्याचं भाषांतर म्हणजे कोयता, दोन लायटर, ताडपत्री, स्टीलचा तांब्या आणि नायलॉन दोरी. सायकलच्या ट्यूबची बोटभर रुंद पट्टी सोबत ठेवा, रिमझिमीतही पेट धरते. आडवं पडलेलं लाकूड नको, उभं वाळलेलं मनगटाएवढं घेऊन चिरा, आतला गाभा कोरडा निघतो. आधी काडेपेटीच्या काडीएवढ्या चिरफळ्या चांगल्या दोन मुठी, मग बोटाएवढ्या, मग जाड. बारक्या कमी पडतात म्हणूनच बहुतेक जाळ विझतात. खाली काटक्यांची बैठक करा, ओली माती धग पिते. आणि बिब्बा ओळखायला शिका. त्याच्या चिकानं अंग फोडांनी भरतं, लाकूड जाळलं तर धूरही बाधतो.

उक्षीच्या वेलीत पाणी असतं हे खरं, आधी वर हात पोचेल तिथं तोडायची, मग खाली. वर न तोडता खालीच घाव घातलात तर पाणी वर ओढलं जातं. ओळख पक्की नसेल किंवा चीक पांढरा असेल तर सोडा. पावसात याची गरजच काय? ताडपत्रीवरचं पाणी तांब्यात धरा. ओढ्याचं असेल तर खळखळून एक मिनिट उकळा. मूत्र पिण्याचा प्रकार निव्वळ कॅमेऱ्यासाठी, त्यातल्या क्षारांनी तहान वाढते.

साप चावल्यावर कापून चोखणं, करकचून बांधणं, दोन्ही बंद. आपली लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांच्यावर आहे, झाडावरच्या चापड्यावर नाही. तरी दवाखाना गाठायचाच, चावलेला अवयव न हलवता.

सराव करायचा तर परड्यात करा. भीमगड अभयारण्य आहे, परवानगीशिवाय शिरणं आणि आग लावणं हे दोन्ही १९७२ च्या वन्यजीव कायद्यात गुन्हे आहेत. रजनीकांत बेअर ग्रिल्सच्या शोसाठी बंडीपुरात शूटिंगला गेला तोही वनखात्याची परवानगी घेऊन.

जाण्याआधी घरी एकाला सांगून ठेवा: कुठली वाट, किती वाजता परत, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर ११२ लावायचा. मोबाईल प्लास्टिकच्या दुहेरी पिशवीत, गळ्यात शिट्टी. तीन वेळा वाजवायची, थांबायचं, ऐकायचं, पुन्हा तीन.