बेडफर्ड स्क्वेअर : ‘नकला’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

नमस्कार. लंडनच्या बेडफर्ड स्क्वेअरवरचा, म्हणजे चारही बाजूंनी सारख्या दिसणाऱ्या विटांच्या घरांच्या रांगा असलेल्या चौकावरचा माझा लेख वाचून तुम्ही विचारलंत, ‘एक घर काढायचं आणि विटांत त्याच्या नकला मारत सुटायचं, यात वास्तुकला कुठे आली? हे तर बिल्डरचं काम.’

बिल्डरचं काम होतंच. जमीन बेडफर्डच्या ड्यूकची, आणि विल्यम स्कॉट व रॉबर्ट ग्रूज या बिल्डरांनी ती भाडेपट्ट्यावर घेऊन १७७५ ते १७८३ या काळात घरं उठवली. पण दर्शनी बाजू कशी हवी हे ड्यूकच्या इस्टेटीने, म्हणजे त्याच्या जमिनींचा कारभार पाहणाऱ्यांनी, करारातच बांधून घेतलं होतं. चारही बाजूंची रांग एकेका राजवाड्यासारखी दिसावी, हा हेतू पहिल्यापासून होता. त्यामुळे इथला सारखेपणा आळसातून आलेला नाही.

त्यातला बराचसा कायद्यातूनही आला. १६६६च्या आगीचा धसका लंडनने पिढ्यान्‌पिढ्या बाळगला. १७०९च्या कायद्याने खिडकीची चौकट भिंतीच्या तोंडापासून चार इंच आत घ्यायला लावली, आणि १७७४च्या कायद्याने ती लाकडी चौकट विटांच्या आड दडवायला लावली. म्हणून समोरून लाकूड जेमतेम दिसतं. वीट सरळ खिडकीच्या कडेपर्यंत येते आणि खोल सावली पडते. सपाट भिंतीला जो उठाव येतो, तो या सावलीमुळे. माझ्या मते अख्ख्या चौकातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच.

मग खिडक्यांची उंची पाहा. दिवाणखाना पहिल्या मजल्यावर, म्हणून तिथल्या खिडक्या सगळ्यात उंच. वर जाल तशा त्या आखूड होत जातात. नक्षीचा एक दाणा न लावता घरातल्या खोल्यांचा मान बाहेरून कळतो. नक्षी आहे ती दारापाशी. कमानीभोवती किड्यांनी पोखरल्यासारखे खडबडीत ठोकळे आणि माथ्यावर दाढीवाला चेहरा. हा दगड वाटतो, पण आहे भट्टीत भाजलेला कोड स्टोन, एलेनॉर कोड या बाईंच्या लॅम्बेथमधल्या कारखान्यातला.

तुम्ही म्हणता तशा नुसत्या नकला असत्या, तर उत्तर आणि दक्षिण बाजूंच्या मध्यावर जे घडलं ते घडलं नसतं. तिथे गिलावा केलेल्या दोन घरांवर मिळून एकच त्रिकोणी शिखर आहे आणि त्याखाली भिंतीला चिकटलेले पाच स्तंभ. जुन्या ग्रीक-रोमन शैलीच्या नियमाप्रमाणे मधोमध मोकळी जागा हवी, स्तंभ नव्हे. जाणकारांनी याला चूक म्हटलंय. पण दोन घरांमधली सामाईक भिंत नेमकी तिथेच येते, तिथे खिडकी काढणार कशी? राजवाड्याचं रूप आणि दोन वेगळ्या बिऱ्हाडांची गरज यांची गाठ त्या मधल्या स्तंभाशी पडते. मला तो चूक वाटत नाही. आर्किटेक्चरल असोसिएशन ही वास्तुकलेची शाळा १९१७पासून याच चौकात आहे. तिथे कधी गेलात तर आधी उत्तर बाजूला जा, तो स्तंभ पाहा, आणि तरीही मत तेच राहिलं तर जरूर कळवा.