सोपी म्हणे! शिरा पडो त्या सोपेपणावर

'पायथन ही सगळ्यांत सोपी प्रोग्रामिंगची भाषा' म्हणणाऱ्या एकेका व्हिडिओवाल्याला भर आषाढात देवगडला आणून बसवा. लाईट गेलेली, लॅपटॉपची बॅटरी शेवटच्या घटका मोजतेय, हॉटस्पॉटला रेंज यावी म्हणून मोबाईल खिडकीच्या गजाला टांगलेला. आणि म्हणावं, कर आता तुझं 'पाच मिनिटांत पायथन'!

भाषेशी माझं भांडण नाही. प्रिंट लिहून कंसात, अवतरणचिन्हांमध्ये नाव टाकलं की नाव उमटतं, झालं. पण ती ओळ लिहायची कुठे आणि चालवायची कशी, हे सांगताना ह्या सगळ्यांची दातखीळ का बसते? विंडोजवर इन्स्टॉल करताना पहिल्याच खिडकीत तळाशी पाथचा, म्हणजे पायथन कुठे ठेवलंय ते कॉम्प्युटरला कळवायचा, एक बारीक चौकोन असतो. त्यात टिक आपण करायची, नाहीतर कमांड टाइप करायच्या काळ्या खिडकीला पायथन सापडतच नाही. व्हिडिओवाला मात्र 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत सुटलेला. मग त्या काळ्या खिडकीत पायथन टाइप केलं की समोर ॲपचं दुकान उघडतं. अरे, आत्ताच डेटा जाळून उतरवलं ना!

भाचीने नोटपॅडमध्ये लिहून नावाला डॉट पीवाय हे पायथनच्या फाईलचं शेपूट लावून सेव्ह केलं. नोटपॅडने त्याच्या मागे गुपचूप आपलं डॉट टीएक्सटी चिकटवलं, आणि ते दिसतही नाही. आता शोधा! ते निस्तरून फाईलवर डबल क्लिक केलं, तर खिडकी उघडली आणि उत्तर वाचायच्या आत मिटली.

तालुक्याच्या क्लासची तर वेगळीच तऱ्हा. फी रोख घेतली आणि हातात पीडीएफ दिली. तिच्यात प्रिंटला कंसच नाहीत, म्हणजे जुन्या पायथन २ ची; पायथन ३ ला कंस लागतातच! पायथन ३ आलं २००८ साली, पायथन २ चा सपोर्ट १ जानेवारी २०२० ला संपला, पण ह्यांच्या नोट्स अजून तिथेच. त्यातून कॉपी केलं की वाकडी अवतरणचिन्हं येतात, पायथनला लागतात सरळ, म्हणजे पुन्हा एरर.

भाचीला करायचं होतं काय, तर आंब्याच्या पेटीत किती डझन ते विचारायचं आणि बाराने गुणायचं. तिने ५ टाकलं. उत्तर आलं ५५५५५५५५५५५५. बारा वेळा पाच! एवढे आंबे अख्ख्या कोकणात नाहीत, बाबा. का, तर इनपुटमधून, म्हणजे आपण टाइप करतो त्यातून, आकडा येत नाही, अक्षरं येतात. आधी ती इंटमध्ये घालून त्यांचा आकडा करायचा, मग गुणायचं. गंमत बघा, त्या इंटला देवनागरीतलं ५ सुद्धा बिनतक्रार कळतं. पण हे सांगणार कोण?

क्लासवाला नक्कीच नाही. पोर अजून फाईल कुठल्या फोल्डरात गेली ते शोधतेय, आणि ह्याचा पुढच्या आठवड्याचा विषय काय? आर्टिफिशियल इंटेलिजन्स! मेल्या, आधी कंस घालायला शिकव.