चालू आहे ना, सर?

नेट ठार बंद पडलं तर माणूस मोकळेपणाने शिव्या तरी घालतो. आमचं बंद पडत नाही. येतं, जातं, आणि दुरुस्तीवाला दारात उभा राहिला की असं सुसाट धावतं की मीच खोटा ठरतो. परवाही त्या मुलाने स्पीड मोजून मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. "चालू आहे ना, सर?"

"आत्ता आहे. पण चाललंय सगळं फिट्स अँड स्टार्ट्स."

दार उघडंच होतं. शेजारचे इंग्रजीचे निवृत्त सर आत आले. मला वाटलं, त्यांचंही नेट गेलं असेल, साक्षीदार मिळाला! कसलं काय.

"नुसतं फिट्स अँड स्टार्ट्स नव्हे. 'बाय' लावा. हल्ली 'इन' लावतात, तेही चालेल." त्यांनी खुर्ची ओढली. "आणि यातलं स्टार्ट म्हणजे सुरू होणं नाही बरं का, दचकणं! फिट म्हणजे झटका, आपल्याकडे माणसाला फिट येते तीच. हा वाक्प्रचार 17 व्या शतकापासून वापरात आहे. झोप, अभ्यास, लेखन असं अडखळत चालतं. यंत्र नीट चालेनासं झालं तर म्हणायचं, 'ऑन द ब्लिंक'."

"वा सर," मुलगा म्हणाला. माझ्या एका वाक्यालाही त्याने वा म्हटलं नव्हतं.

नेमका तेव्हाच राउटरचा दिवा लाल झाला. "गेलं, गेलं! बघ!" मी ओरडलो. तो सरांकडे बघत होता. मान वळेपर्यंत दिवा हिरवा.

सैल जोड तापला की सुटतो, निवला की जुळतो, हे मलाही कळतं. म्हटलं, तासभर थांब. पण त्याला पुढची घरं होती, आणि त्याच्या ॲपमध्ये पर्याय दोनच: चालू किंवा बंद.

स्किनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगांत दाणा कधी मिळेल याचा नेम नसला की कबुतरं चिकाटीने टोच मारत राहायची. दाणे थांबले तरी बराच वेळ. मी दिवसभर रिफ्रेश दाबतो ते हेच. कबुतरांना निदान बिल येत नव्हतं.

"ओटीपी सांगा सर, तक्रार क्लोज करतो."

दिला. आता पुन्हा नेट गेलं की ती नवी तक्रार, नवा नंबर, आणि फोनवर नवा माणूस पहिल्यापासून सांगणार: राउटर बंद करून चालू करा.